राजपिपल्याच्या महालात एक मुक्काम

अक्कलकुव्याहून बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने पश्चिमेस निघाले म्हणजे महाराष्ट्राची हद्द थोडक्याच वेळात मागे पडते. परंतु सागाचे रान, कुडाची घरे, मोहाची झाडे आणि देवमोगरेच्या याहामोगी मातेचा नवस फेडायला निघालेली कुटुंबे यांत तसूभरही फरक पडत नाही. सागबारा आणि डेडियापाडा ओलांडून करजण नदीच्या काठच्या राजपिपला नगरात शिरावे, तेव्हा प्रथमच एका निराळ्या सत्तेची खूण दृष्टीस पडते. ‘राजवंत पॅलेस’ या नावाने आज प्रवाशांना मुक्कामाची सोय देणारा, मूळचा विजय महाल हा घुमट, कमानी आणि पाश्चात्त्य धाटणीचे स्तंभ यांनी नटलेला प्रासाद ही त्या सत्तेची सर्वांत बोलकी निशाणी होय.

गोहिल राजपुतांच्या या संस्थानाने गायकवाडांना खंडणी भरली, इंग्रजांशी करारमदार केले, आणि महाराणा छत्रसिंहजींच्या कारकिर्दीत अंकलेश्वरपर्यंत स्वतःची अरुंदमापी आगगाडीही धावती केली. १९१५ साली गादीवर आलेल्या विजयसिंहजींची कीर्ती मात्र राज्यकारभाराइतकीच अश्वशाळेमुळे पसरली: त्यांच्या ‘विंडसर लॅड’ या घोड्याने १९३४ साली इंग्लंडातील एप्सम येथील डर्बी जिंकली. १० जून १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९७१ साली तनखेही बंद झाले, आणि देशभरच्या राजघराण्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला, की ज्या इमारतींची डागडुजी एकेकाळी संस्थानच्या जमाबंदीतून होत असे, त्या आता कोणत्या वसुलावर उभ्या ठेवायच्या. प्रवाशांसाठी खोल्या उघडणे हा त्या प्रश्नावरचा मला पटलेला मार्ग आहे. कुलूप लावलेल्या वाड्याला वाळवी लागते. वापरातल्या वाड्यात छताचा पहिला थेंब कोणाच्या तरी अंथरुणावर पडतो आणि त्याची दखल घ्यावीच लागते.

आमच्या अक्कलकुव्याच्या बाजूला असे महाल नाहीत. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर या मेवासी जहागिऱ्यांचा दरारा सातपुड्यात मोठा, तरी त्यांची स्मृती दगडात नव्हे, माणसांत राहिली आहे. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, आणि उंच बांबूभोवती मोरपिसांचे टोप घातलेले गेरकरी ढोलाच्या तालावर फेर धरतात, तेव्हा ती ज्याने पाहिली त्याला काठीच्या संस्थानाचा वेगळा पुरावा लागत नाही.

राजपिपल्याच्या त्या महालात आम्ही उभयता एका रात्रीपुरते उतरलो होतो. खोलीच्या भिंतीची जाडी एवढी, की सौ. खिडकीच्या आतल्या कठड्यावर मांडी घालून सुखाने बसली. बाहेर चैत्राची धग असूनही हात लावला तर भिंत थंड लागे. स्नानगृहात नवा नळ बसवताना जुना गिलावा फोडून भरलेला एक करडा चौकोन होता, आणि त्याच्या सभोवार रंगाचे पापुद्रे सुटलेले होते. चुन्याचा गिलावा भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो; सिमेंट तिला कोंडते, मग ती शेजारच्या चुन्यातून वाट काढते आणि त्यालाच पोखरते. जुन्या इमल्यांची जी दैना होते, तिच्यातील बराच भाग अशा सद्हेतूने केलेल्या दुरुस्तीचा असतो, आणि चुना मळणारे, घोटणारे गवंडी दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत, ही खरोखर चिंतेची बाब आहे.

रात्री दिव्याखाली दाराची जाड सागवानी फळी न्याहाळीत सौ. म्हणाली, “अहो, हा साग डोंगरातून कोणी ओढून आणला असेल?” त्या प्रश्नाने मला बराच वेळ झोप लागू दिली नाही. राजपिपल्याची रयत बहुतांशी भिल्ल होती. झाड तोडणे, लाकूड वाहणे, चुना मळणे हे तिच्या हातचे काम. राजघराण्याची देवी हरसिद्धी, तिचे मंदिर नगरात. रयतेची याहामोगी रानात. अशा प्रासादांच्या दिवाणखान्यांत राजांच्या तसबिरी लागतात, घोड्यांच्याही लागतात. ज्यांच्या खांद्यांवरून इमला उभा राहिला त्यांची एखादी तसबीर, त्यांचे एखादे हत्यार, त्यांच्या देवीची एखादी हकीकत तेथे मांडली, तर महालाचा इतिहास पुरा होईल आणि आलेल्या पाहुण्यालाही अधिक काही मिळेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी चहा घेऊन आलेला तरुण डेडियापाड्याकडचा वसावा होता. आम्ही अक्कलकुव्याचे, असे कळताच त्याची दरबारी अदब क्षणात सैल झाली, आणि काठीच्या होळीला आपण दर वर्षी भावकीबरोबर जातो, असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. रात्र कोठे काढता, असे सौ.ने विचारले, माळावरच, तो म्हणाला.

“मग पुढच्या होळीला आधी आमच्याकडे उतरायचं, भाऊ,” ती म्हणाली, आणि आमच्या घराचा पत्ता तिने त्याला नीट लिहून दिला.