जंगलातलं रेडिओ केंद्र, माणसं दोन!

लग्नपत्रिका छापायची तरी आधी सरकारी सेन्सॉरला दाखवायची, असा काळ गोव्याने पाहिला आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभा नाही, मोर्चा नाही आणि वर्तमानपत्रात छापून येणार ते सरकारला रुचेल तेवढंच. घरातल्या रेडिओवर ‘एमिसोरा दे गोवा’ हे सरकारी केंद्र लागायचं. त्यावर गाणी असत, बातम्याही असत. पण त्या लिस्बनच्या चष्म्यातून पाहिलेल्या!

अशा गोव्यात २५ नोव्हेंबर १९५५ या दिवशी एक वेगळाच आवाज उमटला. कोकणीत त्याने स्वतःची ओळख ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ अशी करून दिली. गोव्याच्या मुक्तीचा आवाज! पोर्तुगीज भाषेतही तो बोलत होता. या केंद्राला ना इमारत होती, ना दारावर पाटी. गोव्याच्या सरहद्दीपलीकडच्या रानात, एका ट्रकमध्ये हे केंद्र थाटलेलं होतं. ते चालवणारी माणसं मुख्यतः दोन : वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मिनेझिस हेही त्यांच्याबरोबर होते.

शत्रूचीच यंत्रं

या केंद्राच्या जन्माची कथाही मजेशीर आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या तावडीतून सोडवली. या मोहिमेत संगीतकार सुधीर फडकेही होते, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक असेल. त्या वेळी पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले. त्यांत फेरफार करून प्रक्षेपणाची यंत्रणा उभी राहिली. ज्या यंत्रांवरून पोर्तुगीज अधिकारी हुकूम सोडत, तीच यंत्रं आता त्यांच्याविरुद्ध बोलू लागली!

पण सत्याग्रह सुरू असताना रेडिओची गरज का भासली? त्याचं उत्तर १५ ऑगस्ट १९५५ या तारखेत आहे. त्या दिवशी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. त्यानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली, आर्थिक कोंडी केली, रेल्वे थांबली. कोंडी पोर्तुगीज सत्तेची करायची होती, पण तिच्याबरोबर सामान्य गोवेकरही कोंडला गेला. पलीकडे काय चाललं आहे, भारत आपल्याला विसरला तर नाही ना, हे त्याला कोण सांगणार? माणूस सरहद्दीवर अडतो, वर्तमानपत्राचा गठ्ठा अडतो. रेडिओची लहर मात्र नाक्यावर थांबत नाही.

सेन्सॉरच्या कचेरीतून रानात

लिबिया लोबो मूळच्या गोव्याच्या, पण वाढल्या मुंबईत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सेन्सॉरच्या कचेरीत इटालियन युद्धकैद्यांची पत्रं वाचण्याचं काम केलं होतं. पुढे मुंबईत आकाशवाणीत नोकरी केली, कायद्याचं शिक्षणही घेतलं. सेन्सॉर कसा काम करतो हे आतून पाहिलेली आणि रेडिओचं जग जवळून ठाऊक असलेली ही तरुणी एका सेन्सॉरग्रस्त मुलखासाठी गुप्त रेडिओ चालवायला निघाली, हा मोठा योग म्हणायचा!

तेव्हा दोघंही नुकतेच तिशी ओलांडलेले. मुंबईतलं सरळ, सुरक्षित आयुष्य लिबियांना सहज जगता आलं असतं. एका अविवाहित मुलीने शहर सोडून रानात मुक्काम करायचा, तोही किती दिवसांसाठी हे माहीत नसताना, ही १९५५ साली लहान गोष्ट नव्हती.

पहिला मुक्काम होता आंबोलीच्या रानात. सावंतवाडीहून घाट चढून वर आलं की हे ठिकाण लागतं. आंबोलीचा पाऊस ज्यांनी अनुभवला असेल, त्यांना वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. त्यात जळवा, साप आणि जंगली श्वापदं. पुढे केंद्र हललं ते कॅसलरॉकला. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, दूधसागरच्या वरच्या अंगाचं हे सरहद्दीवरचं स्टेशन. तिथेही सोबतीला घनदाट जंगलच!

एरवी लहानशा रेडिओ केंद्रावरही केवढा राबता असतो! बातम्या जमवणारे वेगळे, त्या लिहिणारे वेगळे, अनुवादक, निवेदक, अभियंते, टंकलेखक. इथे मात्र मूठभर माणसांच्या बळावर दोन भाषांचं केंद्र चालवायचं होतं. कोकणी सामान्य गोवेकरासाठी आणि पोर्तुगीज शिकल्यासवरल्या वर्गासाठी. खुद्द राज्यकर्त्यांच्या कानावर चार खरे शब्द पडावेत, तर तेही याच भाषेत.

खरं सांगण्याचं काम

सांगण्यासारखंही पुष्कळ होतं. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपली घटनाच बदलली आणि वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नाव दिलं. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, मग स्वातंत्र्याचा प्रश्न येतोच कुठे? हा दावा संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९६० मध्ये फेटाळला. स्वयंशासन नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांच्या यादीत आमसभेने गोव्याचंही नाव घातलं. अशी बातमी सरकारी केंद्र कशाला मोकळेपणाने सांगेल? ती सांगायला दुसरा आवाजच हवा होता.

दिवसामागून दिवस गेले, पावसाळ्यामागून पावसाळे गेले. ऐकणारे समोर दिसत नव्हते. टाळ्या नव्हत्या. आपलं बोलणं किती घरांत पोचतं, हे मोजायला साधन नव्हतं. तरीही हा आवाज एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं टिकला!

अखेरची घोषणा

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य सरहद्दीवर येऊन उभं राहिलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या वतीने गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांना शरण येण्याचं आवाहन करण्यात आलं, तेही याच केंद्रावरून. तिकडे सालाझारची आज्ञा होती, एक तर जिंका, नाही तर मरा! १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. आपल्या सैनिकांचे प्राण वाचवणाऱ्या या अधिकाऱ्याला पुढे सालाझारने सैन्यातून काढून टाकलं.

आणि ‘मुक्तीचा आवाज’? सहा वर्षं रानात दडून बोलणारी ही दोन माणसं त्या दिवशी विमानात बसली. विमानाला ध्वनिक्षेपक लावलेला होता. गोव्याच्या आकाशातून त्यांनी कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये जाहीर केलं, की साडेचारशे वर्षांची परकी सत्ता संपली आहे. वरून पत्रकं टाकली. ज्या श्रोत्यांना इतकी वर्षं पाहिलं नव्हतं, त्यांच्या घरांवरूनच ते उडत होते!

जानेवारी १९६२ मध्ये पणजीहून आकाशवाणी बोलू लागली. गोव्याच्या रेडिओला आता लपण्याची गरज उरली नव्हती. १९६४ मध्ये वामन आणि लिबिया विवाहबद्ध झाले. लिबिया गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. वामन सरदेसाईंनी पुढे अंगोलात भारताचे राजदूत म्हणून काम केलं. अंगोलाही एके काळची पोर्तुगीज वसाहतच. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लिबियांना तोच सन्मान जाहीर झाला २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर!

एखादं रेडिओ केंद्र बंद पडलं, की ऐकणाऱ्यांना हळहळ वाटते. हे केंद्र मात्र बंद पडावं म्हणूनच सुरू झालं होतं. ते ज्या दिवशी थांबलं, त्या दिवशी त्याचं काम पूर्ण झालं.

पुढच्या पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा पाहायला मुलाबाळांना घेऊन जाल, तेव्हा गरम कणीस खाता खाता समोरच्या धुक्याकडे क्षणभर पाहा. इथल्याच रानातून एके काळी एक आवाज सरहद्द ओलांडून जात होता, एवढं मुलांना जरूर सांगा.