लोकसत्तेच्या पायऱ्या (लेखांक नववा): महापौरपद आणि महिला आयोग

गेल्या लेखांकात स्थानिक स्वराज्य संस्थांतील राखीव जागांचा विचार झाला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना दिलेला एक तृतीयांश वाटा महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्यावर नेला, हेही त्यात आले. आता छत्रपती संभाजीनगरच्या विजया रहाटकर यांच्या कारकिर्दीकडे वळू.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन पुढे इतिहासात एम. ए. झालेल्या रहाटकर २००० मध्ये तत्कालीन औरंगाबाद महानगरपालिकेवर निवडून गेल्या आणि २००७ ते २०१० या काळात महापौर होत्या. महापौर हा शहराचा प्रथम नागरिक खरा. परंतु १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने अंमलबजावणीचा अखत्यार शासननियुक्त आयुक्ताकडे सोपविला असून खर्चाच्या मंजुरीची किल्ली मुख्यत्वे स्थायी समितीच्या हाती ठेवली आहे, त्यामुळे महापौराच्या वाट्याला प्रामुख्याने सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान येते. ते सोपे नव्हे. नगरसचिव विषयपत्रिका वाचीत असता, जायकवाडीचे पाणी आपल्या वॉर्डात कित्येक दिवस पोहोचले नाही म्हणून कोणी रिकामा हंडा घेऊन समोर ठाण मांडतो, कोणी थेट राजदंडाला हात घालतो, आणि त्या गदारोळात सभा तहकूब करावयाची की ठराव मतास टाकावयाचा, याचा निर्णय पीठासनावरून तत्क्षणी द्यावा लागतो. असे सभागृह सांभाळलेल्या स्त्रीला विधिमंडळाची पायरी न चढताही राज्यकारभाराचे खरे शिक्षण मिळते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

२०१६ मध्ये त्या राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. साक्षीदारास समन्स काढणे, दस्तऐवज मागविणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार या आयोगास आहेत. शिक्षा फर्मावण्याचा मात्र नाही, शिफारस करून तिचा पाठपुरावा करावयाचा, एवढेच. ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी ‘सक्षमा’, बचत गटांना केंद्राच्या योजनांशी जोडणारी ‘प्रज्वला’ आणि अहोरात्र चालणारी ‘सुहिता’ ही दूरध्वनीसेवा त्यांच्या काळातली.

२०१९ अखेर सत्तांतर झाले, २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला, आणि अध्यक्षपद पुढे २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत रिक्त राहिले. टाळेबंदीत घरोघरच्या स्त्रिया दारांआड कोंडल्या गेल्या, तो हाच काळ. त्याच सुमारास, एप्रिल २०२० मध्ये, महानगरपालिकेची मुदत संपून तेथे प्रशासक बसला आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराला निर्वाचित सभागृहच उरले नाही. राखीव जागांचा निम्मा वाटा या जवळजवळ सहा वर्षांत केवळ कागदावर होता. एका व्यक्तीचे पद गेले, यापेक्षा फिर्याद घेऊन आलेल्या बाईला दाद मागावयास खुर्चीवर कोणी नव्हते, याची खंत मला अधिक वाटते.

रहाटकर १९ ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्रीय महिला आयोगाच्या नवव्या अध्यक्ष नियुक्त झाल्या. त्याच वर्षी फुलंब्रीतून विधानसभेवर गेलेल्या अनुराधा चव्हाण यांची वाट निराळी. तिचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.