रत्नागिरीची खोती आणि अडकलेलं विधेयक
अमेरिकेत गुलामगिरीचा वाद सिनेटच्या आकड्यांवर येऊन थांबला. म्हणून 1820 मध्ये गुलामगिरी असलेल्या मिसूरीसोबत ती नसलेलं मेन राज्य करायचं ठरलं. दोन्हीकडे 12-12 राज्यं! रत्नागिरीतली खोती म्हणजे गुलामगिरी नव्हे, पण कुळांचे हाल होतेच. खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा, कुळाकडून मात्र धान्याचा मोठा वाटा घ्यायचा, वर फुकटची वेठ.

मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यात खोतांना भरपाईही होती! जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने धडकले. पण सत्ता काँग्रेसकडे, स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार मोजकेच. विधेयक रखडलं. खोती रद्द करणारा कायदा आला तो स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये.