पान दफ्तराचे, चौकट सजीव

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या जागतिक जाळ्याची योजना मांडली, त्याचा मूळ व्यवहार एखाद्या जुन्या कचेरीतील कामकाजासारखा सरळ होता : वाचकाने अर्ज करावा, सर्व्हर या दूरस्थ संगणकाने आपल्या दफ्तरातून एक संपूर्ण पान काढून द्यावे, आणि ब्राउझरने ते पडद्यावर मांडावे. पुढे मागणीबरहुकूम पान रचून देणाऱ्या प्रणाली निघाल्या. त्यांपैकी जँगो ही अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली आणि २००५ साली सर्वांस खुली झाली, हे वृत्तपत्राच्याच पुरवणीत नमूद करताना विशेष संतोष वाटतो. या रीतीत एका आकड्याचा फेरफार हवा असला तरी नवा अर्ज आणि नवे पान, हा दोष होताच; परंतु पान हाती आले की मजकूर हाती आला, हा तिचा गुण त्या दोषाहून फार मोठा होता.

या दोषाच्या निवारणार्थ जी कल्पना पुढे आली, ती हिशेबनिसांना आधीपासून परिचित होती. १९७९ साली बाजारात आलेल्या व्हिसिकॅल्कमध्ये एका रकान्यातील रक्कम बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. फेसबुकने मे २०१३ मध्ये खुल्या केलेल्या रिअॅक्टने हेच तत्त्व वेबपानाच्या दृश्य भागांस लावले : माहिती अमुक असता दृश्य कसे असावे एवढे प्रोग्रामरने सांगावे, आणि माहिती पालटली असता पानाचा नेमका कोणता अंश पालटायचा, याचा निवाडा रिअॅक्टने करावा. अशा प्रतिसादी घटकांची गोडी इतकी लागली, की अनेकांनी सर्व्हरकडून जवळजवळ कोरे पान धाडून सारी रचना वाचकाच्या यंत्रावर सोपवली. आणि मग ज्याच्या हाती स्वस्त फोन आहे व ज्याच्या गावात नेटवर्क क्षीण आहे, त्याच्या वाट्याला, तो सगळा कोड उतरून कामाला लागेपर्यंत, पांढरा पडदा तेवढा आला. मला हा अन्याय वाटतो.

म्हणून जी मधली तजवीज आज पुन्हा आदरास पात्र होत आहे, तिचा मी मनःपूर्वक पुरस्कार करतो. पान सर्व्हरनेच लिहावे, आणि जेथे खरोखर हालचाल हवी तेवढ्याच जागी, कोणी आधीच घडवून, पारखून ठेवलेला घटक बसवावा. प्रवासाच्या आरक्षणाचा अर्ज घ्या. तारखेच्या जागी सर्व्हर एक साधी चौकट लिहितो आणि कोणत्या तारखा खुल्या, कोणत्या बंद, हा तपशील तिच्याच गुणधर्मांत नोंदवून ठेवतो. पान वाचकापुढे आल्यावर घटकाचा कोड ती चौकट हुडकतो, तपशील वाचतो आणि तेथे दिनदर्शिका उभी करतो. कोड वाटेत अडकला तरी साधी चौकट राहतेच, आणि तीत तारीख हाताने लिहिता येते. अशी दिनदर्शिका स्वतः घडवू पाहणाऱ्यास लीप वर्षाचा फेब्रुवारी सहज साधतो. परंतु बाणांच्या कळांनी आठवडा ओलांडता येणे, दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरने प्रत्येक तारीख वारासह उच्चारणे, या गोष्टींमागे दीर्घ परिश्रम असतात, आणि ते आयते लाभत असतील तर ते स्वीकारण्यात कमीपणा नाही. मात्र आयत्या वस्तूवर किती भिस्त ठेवावी याचा विवेक हवा : मार्च २०१६ मध्ये अवघ्या अकरा ओळींचे लेफ्ट-पॅड हे पॅकेज सार्वजनिक भांडारातून काढले गेले, तेव्हा त्याचे नावही न ऐकलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली.

सर्वांत नाजूक प्रसंग येतो तो घटकाचे प्रथमदर्शनही सर्व्हरनेच लिहून पाठवले असता. त्या निर्जीव लिखाणात ब्राउझर प्राण ओततो, म्हणजे घटक पुन्हा एकवार चालवून त्याची रचना आलेल्या लिखाणाशी जुळवतो आणि कळांना व बोटांच्या स्पर्शाला उत्तर देण्याची सोय तेथे जोडतो. या क्रियेला हायड्रेशन म्हणतात. दोन्ही रचना तंतोतंत जुळाव्या लागतात. आता सर्व्हर बहुधा यूटीसी या वैश्विक प्रमाणवेळेवर चालतो, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. तेव्हा पुण्यातील वाचक पहाटे चार वाजता पान उघडील, तर सर्व्हरच्या लेखी ‘आज’ म्हणजे कालची तारीख, आणि फोनच्या लेखी आजची. विसंगती दिसताच रिअॅक्ट तक्रार नोंदवते, प्रसंगी सर्व्हरचे लिखाण बाजूस सारून तेवढा भाग नव्याने रचते, आणि वाचकाला पान क्षणभर थरथरल्यासारखे दिसते. भर दुपारी तपासणी करणाऱ्या प्रोग्रामरला हा दोष कधीच दिसत नाही. उपाय साधा आहे : ‘आज’ कोणता हे सर्व्हरने भारतीय वेळेनुसार एकदाच ठरवून तपशिलासोबत धाडावे, आणि घटकाने स्वतःचे घड्याळ न पाहता तेच प्रमाण मानावे.

दिनदर्शिकेतून निवडलेली तारीख शेवटी एका लपवलेल्या साध्या रकान्यात उतरते आणि अर्जासोबत, जुन्याच रीतीने, सर्व्हरकडे जाते. घटकाने बंद तारखा फिक्या रंगात दाखवल्या एवढ्यावर सर्व्हरने विसंबू नये. ब्राउझरकडून येणारा मजकूर वाटेत वाटेल तसा बदलता येतो, तेव्हा तारीख खुली आहे की नाही, जागा शिल्लक आहे की नाही, भाडे किती, हे दफ्तरातील नोंदीवरून त्याने पुन्हा ताडून पाहावे, आणि मगच आरक्षणावर शिक्कामोर्तब करावे.