विश्लेषण : ‘हॅपी गुड फ्रायडे’ असा मेसेज का पाठवू नये? शोकाच्या दिवसाला ‘गुड’ का म्हणतात?

गुड फ्रायडेच्या सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र हमखास फिरते. गुलाबाची फुले, मागे उगवता सूर्य आणि मोठ्या अक्षरांत ‘हॅपी गुड फ्रायडे’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. दिवाळीला शुभेच्छा दिल्या, ईदला दिल्या, नाताळला दिल्या, मग याच दिवशी का नाही? शिवाय नावातच ‘गुड’ आहे. पण ग्रुपमधल्या ख्रिस्ती सहकाऱ्यासाठी हा येशूला क्रुसावर खिळले गेले, तो दिवस. तो बहुधा ‘थँक यू’ लिहून विषय संपवतो.

मग नावात ‘गुड’ कशासाठी?

जुन्या इंग्रजीत ‘गुड’ या शब्दाचा एक अर्थ ‘पवित्र’ असा होता. बायबलला ‘गुड बुक’ म्हणतात, ते याच अर्थाने. इतर भाषांनी मात्र नाव वेगळे ठेवले. जर्मनमध्ये हा ‘कारफ्रायटाग’, म्हणजे शोकाचा शुक्रवार. डॅनिशमध्ये ‘लांगफ्रेडाग’, म्हणजे लांबलचक शुक्रवार. ग्रीक भाषेत तो ‘महान शुक्रवार’ आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ असेही म्हणतात. आपल्याकडे इंग्रजीऐवजी जर्मन नाव रुळले असते, तर गुलाबाची फुले कुणी पाठवली नसती.

अर्थात श्रद्धावंतांच्या दृष्टीने ‘उत्तम’ हा शब्द चुकीचा नाही. येशूने मरण पत्करले ते माणसांच्या तारणासाठी, असे ते मानतात. म्हणजे दिवस चांगला, पण आनंदाचा नव्हे.

तारीख दरवर्षी का बदलते?

२०२४ मध्ये गुड फ्रायडे २९ मार्चला होता, २०२५ मध्ये १८ एप्रिलला आणि २०२६ मध्ये ३ एप्रिलला. तिथीची सवय असलेल्या मराठी वाचकाला यामागचे गणित पटकन कळेल. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या दोन दिवस आधी गुड फ्रायडे. ही पौर्णिमा चर्चच्या स्वतःच्या कोष्टकातून ठरते, त्यामुळे आकाशातल्या पौर्णिमेशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. तरी २०२६ मध्ये हनुमान जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी गुड फ्रायडे आला, तो योगायोग नव्हता.

चर्चमध्ये काय होते?

बरेच काही होत नाही, हेच या दिवसाचे वैशिष्ट्य. कॅथलिक चर्चमध्ये वर्षभर रोज मिस्सा होतो, गुड फ्रायडेला होत नाही. वेदीवरचे कापड, मेणबत्त्या, फुले सगळे काढलेले असते. गुरुवारच्या संध्याकाळनंतर घंटाही वाजत नाही. वसईतल्या गावांमध्ये ‘क्रुसाची वाट’ चालली जाते. येशूच्या अखेरच्या प्रवासातल्या १४ टप्प्यांवर थांबून प्रार्थना होते. मुख्य विधी बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या सुमारास होतो, कारण शुभवर्तमानांनुसार येशूने प्राण सोडला ती वेळ साधारण हीच. १८ ते ५९ वयाच्या कॅथलिकांना उपवासाचा नियम आहे. दिवसात एकदाच पोटभर जेवण आणि मांस पूर्ण वर्ज्य.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत दुपारी येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. हे सातही उद्गार एका ठिकाणी सापडत नाहीत. तीन लूकच्या, तीन योहानाच्या शुभवर्तमानात आणि एक मत्तय व मार्क या दोघांत आहे.

सगळ्यात अवघड उद्गार

मत्तय आणि मार्क यांनी नोंदवलेला तो एकच उद्गार म्हणजे येशूचा आक्रोश. देवाने मला का टाकले, असे तो विचारतो. शब्द २२व्या स्तोत्राच्या सुरुवातीचे आहेत. ज्याला आपण देवाचा पुत्र मानतो, त्यालाच देव दिसेनासा झाला? गुड फ्रायडेचा खरा प्रश्न इथे आहे. त्याचे सरळसोट उत्तर ख्रिस्ती परंपरेकडेही नाही.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरले. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्बहल्ले झाले, तेव्हा ते १७ वर्षांचे होते आणि विमानविरोधी तोफांवर त्यांची नेमणूक होती. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, ते वाचले. घर फारसे धार्मिक नव्हते, तरी त्या रात्री देव कुठे आहे, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत हाती पडलेल्या बायबलमध्ये त्यांनी मार्कचे शुभवर्तमान वाचले. येशूच्या आक्रोशात त्यांना स्वतःचाच प्रश्न ऐकू आला. आपल्याला समजून घेणारा कुणी आहे, असे तिथे वाटल्याचे ते पुढे सांगत. १९७२ मध्ये त्यांचे ‘क्रुसावर खिळलेला देव’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक आले. दुःख लांबून पाहणारा देव नव्हे, तर ते भोगणारा देव, अशी त्याची मांडणी आहे.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. कित्येक दशके देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, असे त्यांत लिहिलेले आहे. गुड फ्रायडे पाळणाऱ्याला मात्र ही अवस्था अगदी अनोळखी वाटणार नाही.

सगळेच ख्रिस्ती हा दिवस पाळतात का?

नाही. बायबलमध्ये या दिवसाची आज्ञा नाही, म्हणून तो पाळायचा नाही, असे मानणारे पंथ पूर्वीपासून आहेत. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये प्युरिटन प्रभावाखाली नाताळ आणि ईस्टर हे सण रद्द केले होते. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले. तिचे मूळ प्युरिटनांमध्येच आहे. आज त्याच मिशनच्या वारशातल्या मराठी चर्चमध्ये गुड फ्रायडेची उपासना होते. एखादा दिवस विशेष मानावा की सगळे सारखे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे, असा सल्ला पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात दिला आहे.

मग मेसेज काय पाठवायचा?

काहीच पाठवला नाही तरी चालते. ओळख जवळची असेल, तर ‘आज तुमची आठवण आहे’ एवढे पुरे. लाँग वीकेंडच्या गोवा ट्रिपचे फोटो त्याच ग्रुपवर दिवसभर टाकायचे का, हे आपले आपण ठरवावे. शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावरून प्रत्येक जण आपली पेटवून घेतो आणि दोन दिवस गप्प असलेल्या घंटा पुन्हा वाजतात. गुलाबाच्या फुलांचे ते चित्र तोपर्यंत फोनमध्ये ठेवावे. रविवारी सकाळी ‘हॅपी ईस्टर’ लिहून पाठवता येईल.