चर्चच्या तळघरातली तालीम

दुकानात साबण घ्या, वह्या घ्या, मोजे घ्या. पैसे घेताना कोणी कातडीचा रंग बघत नसे. त्याच दुकानाच्या लंच काउंटरवर मात्र कृष्णवर्णीय माणसाला साधी कॉफीही मिळत नसे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल इथला 1960 सालापर्यंतचा हा शिरस्ता. तो मोडायला निघालेल्या विद्यार्थ्यांमध्ये पाद्री होण्यासाठी शिकणारे बरेच होते.

त्यांना घडवणारे जेम्स लॉसन आधी नागपूरला राहून गेले होते. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारून त्यांनी तुरुंगवास पत्करला. सुटल्यावर 1953मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे ते हिस्लॉप कॉलेजात आले आणि गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे जवळून अभ्यासला. मायदेशी परतल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना दक्षिणेत येण्याची गळ घातली. लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकू लागले.

संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात त्यांचे वर्ग भरत. फिस्क विद्यापीठाची डायन नॅश तिथे यायची. बॅप्टिस्ट सेमिनरीतले जॉन लुईस आणि बर्नार्ड लाफाएटही यायचे. प्रार्थना होई, पण खरा भर तालमीवर. काही जण गोऱ्या टवाळखोरांची सोंगं घेत: शिव्या देत, खुर्चीवरून ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. बाकीच्यांनी हात उगारायचा नाही. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं, हेसुद्धा घोटून घेतलं जाई. शेजाऱ्यावर प्रेम करा असं सांगणारे उपदेशक पुष्कळ असतात. ते अंगवळणी पाडून घेणारे लॉसन यांच्यासारखे थोडेच.

13 फेब्रुवारी 1960. बर्फ पडलेलं होतं. सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी ठेवणीतले कपडे घालून चर्चमधून निघाले, तीन दुकानांच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कोणी वाढेना म्हणून पुस्तकं उघडून अभ्यास करू लागले. दोन आठवड्यांनी जमावाने त्यांना बदडलं. पोलिसांनी धरलं ते मार खाणाऱ्यांनाच! न्यायालयाने 50 डॉलर दंड ठोठावला. बहुतेकांनी तो न भरता तुरुंग पसंत केला. व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकलं, तेव्हा धर्मशास्त्राच्या अनेक प्राध्यापकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले.

व्यापाऱ्यांना खरा चिमटा बसला तो ईस्टरला. सणाच्या नव्या कपड्यांची खरेदी कृष्णवर्णीय कुटुंबांनी बंद केली आणि ऐन हंगामात दुकानं ओस पडली.

सण उलटताच 19 एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. ते बचावले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे सिटी हॉलवर गेले. पायऱ्यांवर नॅशने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं: निव्वळ रंगावरून भेदभाव करणं तुम्हाला स्वतःला चूक वाटतं का? महापौरांनी होकार दिला.

10 मे रोजी सहा दुकानांचे काउंटर सर्वांसाठी खुले झाले. सिनेमागृहं मात्र तशीच राहिली. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत विद्यार्थी त्यांच्या तिकीट खिडक्यांसमोर रांगा लावून उभे होते.