बोलावणं येईल तेव्हा येईल!

माझ्या चौथीच्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत शेवटच्या बाकावर बसून गुणगुणायचा. आवाज कसा, तर खणखणीत! पण स्नेहसंमेलनात त्याचं नावच नाही. मी विचारलं, "का रे, तू का नाही गायलास?" मान खाली घालून म्हणाला, "बाई, मला कुणी बोलावलंच नाही."

तेव्हा मी त्याला एका गवयाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांलाही सांगते.

विष्णू दिगंबर पलुसकर हे त्यांचं नाव. जन्म १८७२ सालचा, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात तोंडाजवळ फटाका फुटला आणि छोट्या विष्णूची नजर अधू झाली. पुस्तकं वाचणं अवघड झालं. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचं गाणं शिकणं सुरू झालं. तंबोरा घ्यायचा आणि रियाज करायचा, एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं! पुढची सगळी धडपड या रियाजाच्या बळावर झाली, हे आधी लक्षात ठेवा हं.

त्या काळी बरेचसे गवई राजेरजवाड्यांच्या पदरी असत. बोलावणं आलं की गायचं, देतील ते घ्यायचं. गाणं ऐकून लोक मान डोलवायचे, पण गवयाला मान द्यायचे नाहीत. मिरजेत एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना आमंत्रणं गेली, पण बुवांना मात्र नाही, असं सांगतात. आपल्या गुरूंचा हा अपमान विष्णूच्या मनाला फार लागला.

१८९६ साली विष्णू दिगंबर मिरज सोडून निघाले. ओळखीपाळखी नाहीत, गाठीला पैसा नाही. पण कुणाच्या दारी वाट पाहत बसायचं नाही, आपणच लोकांकडे जायचं, हे ठरलेलं! सौराष्ट्रात त्यांनी थोडे पैसे देऊन कुणालाही ऐकता येईल असं जाहीर गाणं केलं. आज यात आपल्याला नवल वाटत नाही. तेव्हा मात्र मोठं गाणं ऐकायचं म्हणजे देऊळ नाही तर दरबार!

पुढे ते मथुरेला गेले. आपण गातो त्या अनेक चिजा ब्रज भाषेत आहेत, मग ती भाषा नीट यायलाच हवी, म्हणून तिथे ती शिकले.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. लाहोर आज पाकिस्तानात आहे. कुठे मिरज आणि कुठे लाहोर! सुरुवातीला शिकायला कुणीच येईना. पण पंडितजी रोज ठरल्या वेळी रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन बसत आणि गात, असं सांगतात. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. मुलांना शिकणं सोपं व्हावं म्हणून त्यांनी 'संगीत बालप्रकाश'सारखी पुस्तकं लिहिली, स्वरलिपी तयार केली. १९०८ साली मुंबईतही विद्यालय निघालं.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. मुंबईच्या विद्यालयासाठी कर्ज झालं आणि १९२४ साली त्याचा लिलाव झाला. १९३१ साली पंडितजी गेले. पण त्यांचं काम थांबलं नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे नामवंत शिष्य त्यांनी तयार केले होते. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. तुमच्यापैकी जे पेटी-तबल्याची 'प्रारंभिक' किंवा 'प्रवेशिका' परीक्षा देतात, त्यांतले कितीतरी जण याच मंडळाची परीक्षा देतात!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही लहान मुलं काय करणार? अगदी साध्या गोष्टी. दोन गाणी अशी बसवा, की झोपेतून उठवलं तरी चुकणार नाहीत. मग परिपाठात गाण्यासाठी स्वतः बाईंकडे नाव द्या. गणेशोत्सवात, वाचनालयाच्या कार्यक्रमात "मला दहा मिनिटं द्याल का?" असं नीट विचारा. कुणी नाही म्हटलं तर रुसू नका, दुसरीकडे विचारा. आणि आईबाबांनो, मुलाच्या वतीने तुम्ही विचारू नका. सोबत जा, पण त्यालाच बोलू द्या. फोनवर चित्रफीत करून सगळ्यांना पाठवणं सोपं आहे, पण समोर बसलेल्या माणसांसमोर गायची मजा काही औरच!

आमच्या त्या मुलाचं काय झालं? यंदा गणपतीत तो स्वतः मंडळाच्या दादांकडे गेला. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "उद्या बघू." तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. संध्याकाळी आरतीनंतर त्याला वेळ मिळाला. समोर जेमतेम पंधरा माणसं, माईक मध्येच खरखरतोय, पहिल्या ओळीला आवाजही थरथरला. पण गाणं पूर्ण केलं पठ्ठ्याने!

शेवटी एक आजोबा उठून म्हणाले, "बाळ, उद्या पण येशील ना?"

बघा, बोलावणं आलं की नाही!